निंटेंडो वर्ल्ड कप (१९९०): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ बिटच्या जमान्यातल्या गेमांचा विषय निघाला की मारिओ, काँट्रा आणि टँक एवढ्यावर गाडी थांबते. फुटबॉलचं नाव निघालंच, तर फिफाचं. टेक्नॉस जपान या कंपनीने बनवलेला 'निंटेंडो वर्ल्ड कप' हा सहा-सहा जणांचा फुटबॉलचा धिंगाणा त्या यादीत कधीच नसतो. पण ज्याच्या हाती तो एकदा लागतो, तो प्रश्न विचारून भंडावून सोडतो. तेच प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. हा नेमका कोणता गेम? नाव ऐकून वर्ल्ड कपचा अधिकृत गेम वाटतो.

अधिकृत नाही, फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेशी त्याचा काही संबंध नाही. मूळ गेम मे १९९० मध्ये जपानमध्ये फॅमिकॉमवर, म्हणजे निंटेंडोच्या टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यावर, आला. त्याच वर्षी डिसेंबरात निंटेंडोने त्याला देशांचे संघ आणि नवं नाव देऊन अमेरिकेत एनईएसवर (त्याच डब्याच्या परदेशी रूपावर) आणलं, आणि १९९१ मध्ये तो युरोपात गेला. गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरही त्याची आवृत्ती निघाली. बनवणारी टेक्नॉस म्हणजे 'डबल ड्रॅगन'वाली कंपनी. मारामारीच्या गेममध्ये मुरलेल्या लोकांनी फुटबॉल केला तर तो कसा होईल, तसाच हा आहे: आर्केड-स्टाइल.

२. आर्केड-स्टाइल म्हणजे काय? फुटबॉल तो फुटबॉलच ना?

फिफासारखे गेम खऱ्या सामन्याची नक्कल करतात: अकरा खेळाडू, ऑफसाइड, कार्डं, दमणूक, बदली खेळाडू. आर्केड-स्टाइल गेम त्यातलं रंजक तेवढं उचलतो आणि बाकीचं सोडून देतो. इथे एका बाजूला गोलकीपर धरून सहा जण. ऑफसाइड नाही, फाउल नाही. दोन मिनिटांत कळतो आणि पहिल्याच सामन्यात हातघाई सुरू होते.

सोपा दिसतो म्हणून उथळ असेल असं समजू नका. चौथा प्रश्न वाचा.

३. लहानपणी आमच्या टीव्ही गेमच्या कॅसेटवर एक फुटबॉल होता. तो हाच का?

आपल्याकडे त्या काळी घरोघरी असलेले डबे बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होते आणि '९९९९९९ इन वन' कॅसेटवर काय काय भरलेलं असे याचा नेम नसे. तीन गेम आठवणीत एकमेकांत मिसळतात, म्हणून ओळखायच्या खुणा देतो.

मध्यंतरात चीअरलीडर नाचत असतील, तर तो निंटेंडोचा १९८५ चा 'सॉकर'. तो या गेमच्या मानाने फारच संथ आहे. सामन्याच्या मध्येच वावटळ येत असेल, तर तो 'गोल ३' (प्रश्न १४). देश निवडायला मिळत असतील, खेळाडू बुटके, मोठ्या डोक्याचे असतील, मार बसला की त्यांचे चेहरे वेडेवाकडे होत असतील आणि हवामान आपल्या जागी गप्प बसत असेल, तर तो हाच.

४. माझा एकच खेळाडू हलतो. बाकीच्यांवर कंट्रोल कसा घ्यायचा?

घेता येत नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि बरेच लोक इथेच गेम बंद करतात. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण गेमची सगळी मजा इथून सुरू होते.

तुम्ही कर्णधार आहात. सामना संपेपर्यंत तुमचा खेळाडू तोच. चेंडू दुसऱ्याकडे गेला तरी तुम्ही त्याच्या अंगात शिरत नाही. तुम्ही त्याला ओरडून सांगता. चेंडू सोबत्याकडे असताना ए दाबलं तर तो पास देतो, बी दाबलं तर गोलवर शॉट मारतो. चेंडू तुमच्याकडे असताना हीच बटणं तुमच्या स्वतःच्या पास आणि शॉटची. म्हणजे दोन बटणांत तुमचा खेळही आला आणि तुमचा हुकूमही.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. इतर फुटबॉल गेममध्ये आपली नजर चेंडूवर चिकटलेली असते, कारण चेंडू जिथे तिथे आपण. इथे चेंडू उजव्या कडेला सोबत्याकडे असतो आणि तुम्ही मधल्या मोकळ्या जागेत धावत असता. बचाव करणारा त्याच्या अंगावर जातोय हे तुम्हाला दिसतं. आता पास मागितला तर तुम्ही अजून गोलपासून लांब आहात, अर्धा क्षण थांबलात तर त्याला धक्का बसून चेंडू जाईल. तुम्ही आणखी दोन ढांगा टाकता, ए दाबता, चेंडू उंच उडून तुमच्याकडे येतो. खरा फुटबॉल खेळलेल्या माणसाला ही घालमेल ओळखीची आहे: चेंडू नसताना कुठे पळायचं. पुढे आलेल्या कितीतरी चकचकीत गेमांत ही गोष्ट मला सापडली नाही.

म्हणून पहिल्या दोन-तीन सामन्यांत गोलांचा विचार सोडा. फक्त मोकळ्या जागेत जा आणि योग्य वेळी पास मागा.

५. सोबतचे खेळाडू मनाला येईल तसे खेळतात. त्यांना वळण कसं लावायचं?

सामन्याआधी डावपेचांचा मेनू येतो. घाईघाईत तो सगळेच ओलांडून जातात. तिथे ठरवता येतं की सोबत्यांनी चेंडू घेऊन पळायचं की पास द्यायचा, स्वतःहून शॉट मारायचा की नाही, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जायचं की नाही, आणि गोलकीपरने जागा सोडायची की नाही.

माझा सल्ला: सोबत्यांना पास द्यायला लावा आणि स्वतःहून शॉट मारायला मनाई करा. नाहीतर ते लांबून फुकटचे फटके मारतात आणि चेंडू घालवून बसतात. अंगावर जायची सूट मात्र जरूर द्या. गोलकीपरला सुरुवातीला जागेवर बसवा.

६. रेफरी फाउल का देत नाही?

फाउल नावाची गोष्टच नाही. चेंडू काढून घ्यायला तुमच्याकडे दोन हत्यारं आहेत: उभ्याने मारायचा धक्का आणि घसरून मारलेला टॅकल. दोन्ही मनसोक्त वापरा. संगणक तुमच्यावर तेच करणार आहे.

७. माझा एक खेळाडू आडवा झाला तो उठतच नाही. गेम हँग झाला का?

नाही. प्रत्येक खेळाडूला ठरावीक मार सोसतो. वारंवार टॅकल बसले की तो बेशुद्ध पडतो आणि तो हाफ संपेपर्यंत मैदानावर तसाच पडून राहतो. बदली खेळाडू येत नाही.

यातून एक डाव निघतो. समोरच्या संघात तुम्हाला सतत अडवणारा एक बचावपटू असतोच. पूर्वार्धाच्या सुरुवातीलाच त्याच्याकडे लक्ष द्या. तो पडला की त्या बाजूने उरलेल्या हाफभर तुमच्यासाठी मोकळं रान. पण एकाच्या मागे लागण्यात तुमची जागा सुटते आणि तेवढ्यात गोल होतो, हेही होतं. आघाडी असेल तेव्हाच हा उद्योग करावा असं माझं मत.

८. सुपर शॉट कसा मारायचा?

सर्वांत खात्रीचा मार्ग हवेतून जातो. चेंडू उंच येत असताना ए आणि बी एकदम दाबा. तुमचा कर्णधार हवेत उलटा होऊन बायसिकल किक मारतो किंवा झेपावून हेडर मारतो, आणि त्यातून सुपर शॉट निघतो. त्या चेंडूच्या वाटेत जो येईल तो उडतो. प्रत्येक देशाच्या चेंडूची चाल वेगळी, म्हणून नवा संघ घेतला की पहिला सुपर शॉट नुसता बघण्यासाठी मारावा.

अडचण असते ती बटणं दाबण्याच्या वेळेची. चेंडू डोक्यावर येईपर्यंत थांबलात तर उशीर होतो. तो खाली यायला लागतो त्या वेळी दाबा. बरेच जण चेंडूकडे बघतात. त्यापेक्षा जमिनीवरच्या त्याच्या सावलीकडे बघा, कारण चेंडू कुठे उतरणार ते तीच सांगते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एका हाफमध्ये एका संघाला पाचच सुपर शॉट मिळतात. आणि उंच चेंडू मिळवायचा तर सोबत्याकडून पास मागता आला पाहिजे, म्हणजे पुन्हा चौथ्या प्रश्नावर या.

९. कधी कधी जमिनीवरून साधा शॉट मारला तरी सुपर शॉट निघतो. हे नशिबावर आहे का?

नशीब नाही, पावलांचा हिशेब आहे. चेंडू घेऊन ठरावीक पावलं धावून मग शॉट मारला की सुपर शॉट होतो, आणि हा आकडा संघागणिक बदलतो. तो पाठ करायची गरज नाही, हाताला बसतो. एक संघ पक्का करा, मॅच मोडमध्ये (स्पर्धेबाहेरच्या सुट्या सामन्यात) चेंडू घेऊन सरळ धावा आणि प्रत्येक वेळी एक पाऊल उशिरा शॉट मारत जा. जमला की त्या धावेचा ताल लक्षात ठेवा, पावलं मोजत बसू नका. मोजण्याच्या नादात समोरून येणारा दिसत नाही.

हाफमधले पाच संपले असतील तर पावलं अचूक पडूनही साधाच शॉट जाईल. 'काल जमत होतं, आज नाही' अशी तक्रार बहुतेक वेळा इथे येऊन मिटते.

१०. सुपर शॉट मारला तरी गोलकीपरने अडवला. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. सुपर शॉट म्हणजे हमखास गोल नव्हे. समोरून, थेट गोलकीपरच्या अंगावर मारण्यापेक्षा तिरका मारा.

११. मैदानांत बर्फ, वाळू, काँक्रीट असं दिसतं. फरक पडतो की नुसता रंग बदलतो?

पडतो. बर्फावर खेळाडू घसरत जातो, त्यामुळे वळण आधीच घ्यावं लागतं. ओबडधोबड मैदानावर सरळ धावणंही भरवशाचं राहत नाही. नवशिक्यांनी साध्या मैदानावर हात बसवावा. बर्फ मित्र जमले की काढावा, तिथे मुरलेला आणि नवखा एकाच पातळीवर येतात.

१२. फक्त १३ देश का? आणि पश्चिम जर्मनी, सोव्हिएत संघ अजून कसे?

कारण गेम १९९० चा आहे. त्या वर्षीचा खरा वर्ल्ड कप इटलीत झाला, त्यात २४ संघ होते. ८ जुलैला रोममध्ये पश्चिम जर्मनीने अर्जेंटिनाला १-० हरवलं. ३ ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि डिसेंबरात हा गेम अमेरिकेच्या दुकानांत आला. म्हणजे विक्रीला आला त्या दिवशीच त्यातला जगज्जेता देश नकाशावर उरला नव्हता. सोव्हिएत संघ पुढच्या वर्षाअखेर विसर्जित झाला.

गेममधले संघ असे: पश्चिम जर्मनी, अर्जेंटिना, ब्राझील, इटली, इंग्लंड, हॉलंड, स्पेन, फ्रान्स, सोव्हिएत संघ, कॅमेरून, मेक्सिको, अमेरिका आणि जपान. यांतले तीन त्या वर्षी इटलीला गेलेच नव्हते. फ्रान्स पात्र ठरला नाही. मेक्सिकोवर युवा स्पर्धेत जास्त वयाचे खेळाडू उतरवल्याबद्दल बंदी होती. जपान पहिल्यांदा वर्ल्ड कप खेळला तो १९९८ मध्ये. आणि कॅमेरून १३ मध्ये असणं अगदी रास्त: त्याने सलामीलाच अर्जेंटिनाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली होती.

१३. यूट्यूबवर हाच गेम दिसतो, पण देशांऐवजी जपानी शाळांतली मुलं. हे हॅक केलेलं आहे का?

उलट आहे. शाळेची मुलं हे मूळ रूप आणि देश हा नंतरचा मुलामा. टेक्नॉसची कुनिओ नावाच्या दांडगट पण मनाने सरळ शाळकरी मुलाची मोठी मालिका आहे. १९८६ मध्ये ती आर्केडवर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, सुरू झाली. कुनिओ हे नाव कंपनीचे संस्थापक कुनिओ ताकी यांच्यावरून आलं. मूळ गेमची गोष्ट अशी की शाळेचा फुटबॉल संघ विषबाधेने अंथरुणाला खिळतो आणि त्या संघाची मॅनेजर मिसाको कुनिओच्या डॉजबॉल (चेंडू फेकून समोरच्याला टिपायचा खेळ) संघाला मैदानात उतरायची गळ घालते.

हे कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. हे लोक फुटबॉलपटू नाहीतच, ते डॉजबॉलवाले आहेत. म्हणून ते चेंडूइतकेच एकमेकांवरही तुटून पडतात. मला विचाराल तर देशांपेक्षा शाळेचीच आवृत्ती जास्त जिवंत आहे.

१४. 'गोल ३' हा याचाच पुढचा भाग का? मग 'गोल २' कुठे गेला?

पुढचा भाग म्हणता येईल. कुनिओ मालिकेतला दुसरा फुटबॉल गेम जपानमध्ये एप्रिल १९९३ मध्ये फॅमिकॉमवर आला, आणि नकली कॅसेटींवर तो 'गोल ३' नावाने फिरला. 'गोल' आणि 'गोल टू' हे जॅलेको कंपनीचे वेगळेच गेम आहेत. विकणाऱ्यांनी खपावा म्हणून पुढचा आकडा चिकटवला. त्यात वावटळ आणि वीज असं हवामान सामन्यात शिरतं. आधी हा गेम खेळा, मग तिकडे जा. एकदम तिकडे गेलात तर गोंधळच जास्त वाटेल.

१५. गर्दी झाली की खेळाडू लुकलुकतात आणि गेम मंदावतो. डबा बिघडला का?

डबा ठीक आहे. एनईएसच्या चित्र काढणाऱ्या चिपला पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठच हलते तुकडे दाखवता येतात, आणि पूर्ण पडद्यावर मिळून ६४. एक खेळाडू असे अनेक तुकडे जोडून बनतो. चार-पाच जण एका रांगेत आले की मर्यादा संपते. एखादा खेळाडू कायमचा नाहीसा होऊ नये म्हणून पडद्यावरचं चित्र बदलेल तसे दर वेळी वेगवेगळे तुकडे गाळले जातात आणि आपल्याला ती लुकलुक दिसते. मंदावतो तो प्रोसेसरला काम आवरत नाही म्हणून.

१६. आज हा गेम रीतसर विकत कुठे मिळेल?

'निंटेंडो वर्ल्ड कप' या रूपात जुनी कॅसेटच शोधावी लागेल. पण मूळ शाळेची आवृत्ती आणि प्रश्न १४ मधला पुढचा गेम, दोन्ही 'डबल ड्रॅगन अँड कुनिओ-कुन: रेट्रो ब्रॉलर बंडल'मध्ये आहेत. २०२० मध्ये आलेल्या या संचात १८ गेम आहेत, इंग्रजीसह. तो स्विच, पीएस ४ आणि एक्सबॉक्स वनवर निघाला. टेक्नॉस १९९६ मध्ये बंद पडली. तिच्या गेमांचे हक्क आता आर्क सिस्टीम वर्क्स या जपानी कंपनीकडे आहेत. प्रश्न १५ मधली लुकलुक आणि मंदपणा या संचात कमी केला आहे.

इंटरनेटवरून फाइल उतरवून घेऊ का, असं बरेच जण विचारतात. गेमचे हक्क अजून जिवंत आहेत आणि तो विकतही मिळतो. विकतच घ्या.

१७. जुनी कॅसेट मिळाली, पण नुसता रंगीत पडदा येतो. फुंकून लावू का?

फुंकू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. फुंकल्यावर चालते ती बहुतेक वेळा काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. एनईएसच्या कॅसेटला ७२ पिना असतात आणि फॅमिकॉमच्या ६०, त्यामुळे एकाची दुसऱ्यात अडॅप्टरशिवाय बसणार नाही. जोर लावू नका.

१८. नव्या मोठ्या टीव्हीवर बायसिकल किक साधतच नाही. जुन्या टीव्हीवर जमायची.

नवे टीव्ही चित्रावर संस्कार करून मग ते दाखवतात, त्यात सेकंदाचा बारीकसा भाग जातो. हवेतल्या फटक्याला तेवढा उशीरही पुरतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करा. नसेल तर चित्र सुधारण्याचे सगळे पर्याय बंद करून पाहा.

१९. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत वाढलो, स्वतः खेळतो. मला हे पोरकट वाटणार नाही ना?

दिसायला पोरकट आहे, खेळायला नाही. तुमच्यासारख्यांना प्रश्न ४ मधली गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळते. चेंडू नसताना धावायची सवय तुमच्या पायांत आधीच आहे. फक्त टॅकलच्या बाबतीत मैदानावरची शिस्त बाजूला ठेवावी लागेल.

२०. आठ वर्षांच्या मुलाला द्यावा का? मारामारी फार आहे म्हणतात.

रक्त नाही, शस्त्रं नाहीत. चेहरे वाकडे होतात आणि माणसं आडवी पडतात, तेही कार्टूनसारखं. आठ वर्षांच्या मुलाला चालेल. पहिले काही सामने त्याच्याबरोबर बसून खेळा, म्हणजे एकच खेळाडू का हलतो हे त्याला समजावता येईल. नाहीतर रिमोट फेकून उठतो.

२१. स्पर्धा मध्येच सोडली तर पुन्हा पहिल्यापासून?

नाही, सामना जिंकला की पासवर्ड मिळतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

२२. चौघं खेळू शकतात हे खरं का? आमच्या डब्याला तर दोनच रिमोट लागतात.

खरं आहे. एनईएसला चार रिमोट जोडायचं वेगळं उपकरण मिळत असे. अमेरिकेत तर असं एक बिनतारी उपकरण, चार रिमोट आणि एकाच कॅसेटवर हा गेम नि 'सुपर स्पाइक व्हीबॉल' असा संच विकला गेला. आपल्याकडच्या नकली डब्यांना हे उपकरण सहसा लागत नाही. त्यांवर दोघांवरच समाधान मानावं लागतं.

२३. दोन-दोन जणांच्या संघात खेळताना आमची दर वेळी भांडणं होतात. काही नियम आहे का?

भांडण बहुतेक सुपर शॉटवरून होतं, कारण ते पाच संघाचे असतात, माणसाचे नाही. एक जण भराभर उडवून टाकतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला उंच चेंडू आला तेव्हा साधा फटका निघतो. गेममध्ये यावर उपाय नाही, आपसांत ठरवावं लागतं. एक जण कडेला राहून पास पुरवेल आणि दुसरा मधे झेपावेल असं ठरवा, हाफ बदलला की भूमिका बदला. तेही पटत नसेल तर पहिले दोन एकाने मारायचे, पुढचे दोन दुसऱ्याने, आणि पाचवा ज्याच्याकडे चेंडू येईल त्याने.